दोन कप्प्यांची ओटी

२३ नोव्हेंबर १८६३, सोमवार

आज कापसाची पहिली वेचणी. बांधावर पाच खडे मांडून हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला आणि सीतादही म्हणून त्याचे घास पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या झाडांत, चारी अंगांना टाकले. दरवर्षी हे शेजारी उभे असायचे. यंदा हे नाहीत, शेजारी सून होती, शकुन. तिनं दह्याचं भांडं इतकं घट्ट धरलं होतं की जणू कोणी ते हिसकावून नेणार आहे.

वही दोन वर्षांनी उघडली. लहानपणी माझे वडील एलिचपूरच्या छावणीत एका कप्तानाच्या बागेत माळी होते. त्याच्या मडमेनं ओसरीवर आम्हा सात-आठ मुलींची शाळा घातली होती. शिवण, वाचन, आणि दिवसाला तीन ओळी लिहायच्या. "पार्वता, खरं तेवढंच लिही," म्हणायची.

आज खरं हे आहे की मला भीती वाटते.

दुपारी नत्थुजी गाडीवान अकोल्याहून खुशालराव भाऊजींचा निरोप घेऊन आला. "संक्रांतीले मी सोता येतो म्हणे. तवालोक सगळा कापूस घरात आला तर ठीक. नाई आला तर शेत बाळापूरच्या माणसाले मक्त्यानं देऊन टाकू, अन् वहिनीनं सुनेले घेऊन अकोल्याले यावं." शेत दोघा भावांच्या नावावर आहे. यांच्या मागे भाऊजींचा शब्द चालणार.

"खोल्यायले चुना मारला त्यायनं. सोताच्या हातानं," नत्थुजी म्हणाला.

एवढी घाई! बायकोविना राहिलेल्या माझ्या दिराला शेताची हाव सुटेल असं वाटलं नव्हतं. पण कापसाला सोन्याचा भाव आला आहे, माणसं बदलतात.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा त्या काळ्या जमिनीत कुंद्याचं तण माजलं होतं. आम्ही दोघांनी तीन उन्हाळे त्याच्या मुळ्या खणल्या. हातभर खाली जायच्या. शेत गेलं तर मी कुठली?

शकुनला यातलं काही सांगितलं नाही. नवरा घरी नसलेल्या पोरीला कशाला घोर लावा.

२४ नोव्हेंबर

शकुन सकाळी पाणी भरता भरता एकदम म्हणाली, "आत्याबाई, मी काई अकोल्याले येत नाई. इथंच राहीन." 

नत्थुजीनं वेशीवर बडबड केली असणार. त्याच्या पोटात काही राहत नाही.

२६ नोव्हेंबर

माणूसच मिळत नाही. आगगाडीच्या लोखंडी सडकेचं काम बडनेऱ्याकडे चाललं आहे, तिकडे माती टाकायला गावंच्या गावं जातात. ज्याच्याकडे बैल आहेत तो कापूस वाहायला रस्त्यावर. आमचा मुलगा गोवर्धनही दसऱ्यापासून गाडी घेऊन खामगावच्या वाटेला आहे. उरलेल्या वेचणाऱ्या पाटलाच्या शेतावर जातात.

माझ्याकडे पाच जणी आल्या, मैनाबाईच्या टोळीतल्या. मैनाबाई माझ्याच वयाची. तिची जीभ तिच्या बोटांइतकीच चालते.

मी आज सगळ्यांना सांगितलं की दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत वेचायचं. जेवायलासुद्धा बांधावर फार बसायचं नाही. हात चालले पाहिजेत.

"तू बी ये मंग ओळीत, मडमीनबाई," मैनाबाई म्हणाली. मडमेकडे शिकले म्हणून ती मला चाळीस वर्षं मडमीन म्हणते आहे.

गेले. कंबर धरली आहे.

२८ नोव्हेंबर

दिवसभर वेचलं आणि दिवेलागणीला ओसरीवर बसून तोच कापूस पुन्हा हातात घेतला. उन्हात पऱ्हाटीचं पान पापडासारखं होतं. बोंडाला हात लावला की चुरा होऊन कापसात शिरतं. हा चुरा एकेक करून काढायचा. किडीनं पिवळी पडलेली बोंडं, ज्यांना इथे कवडी म्हणतात, तीही वेगळी करायची. आज सहा ओळी वेचल्या आणि चार ओळींचाच कापूस साफ झाला. उरलेल्या दोन ओळी उद्याच्या डोक्यावर.

आम्ही जितकं भरभर वेचतो तितका पाला जास्त येतो. हे मला आज दिसलं, पण दिसून उपयोग काय?

शकुन सगळं करते, पण फार घुमी आहे. मनात काय चाललंय त्याचा पत्ता लागत नाही. आणि भाकरी फार जाड थापते. एवढंसं दुखणं आहे, वहीतच ठेवते.

२९ नोव्हेंबर

शकुन आज दिवसभर बोलत होती! तिवशाच्या माहेरच्या मळ्यातली वांगी, तिची आजी, तिथली मोट, विहिरीत पडलेली शेळी. शेळी तर दोनदा बाहेर काढली. माझं डोकं दुखलं, पण बरं वाटलं.

भाकरी पातळ होती. यंदाची ज्वारी चांगली निघालेली दिसते.

३ डिसेंबर, गुरुवार

शकुनच्या बोलण्यातून एक गोष्ट हाती लागली.

मी चुलीपाशी पाल्याच्या नावानं बोटं मोडत होते. ती पीठ मळता मळता म्हणाली, "आमच्या तिवशाले शेवंती कोणी दुपारी तोडत नाई, आत्याबाई."

"शेवंतीचं काय इथे?"

"दवात तोडतात. पान नरम असते ना, तुटत नाई. ऊन चढलं की फुलासंगं पानाचा चुरा येते अन् बाप शिव्या देते."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. मी माळ्याची लेक. वडिलांच्या हाताला धरून दवात गुलाब काढले आहेत, पायाला ओल लागायची. पण कापूस म्हटलं की उन्हात, असं डोक्यात बसलेलं. कापूस फुलासारखा वेचावा हे मला सुचलं नाही.

उद्या पहाटे जायचं. मैनाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "थंडीत बोटं गळून पडतील माहे. मंग तू शिवून देशील काय?"

४ डिसेंबर

पान ओल्या कापडासारखं मऊ. बोंडातून कापूस अलगद निघतो, पान झाडालाच राहतं. ऊन चढेपर्यंत पाच ओळी झाल्या आणि त्यात चिमूटभर पाला. मैनाबाईनं हातात कापूस धरून उलटापालटा केला, काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे काम झालं.

सगळा कापूस कोठीत भरला. वर पोती ठेवली.

७ डिसेंबर, सोमवार

लिहायला लाज वाटते. 

कोठीचं दार उघडलं तर आंबट वास. हात घातला तर कापूस आतून गरम, न्हाणीतल्या पाण्यासारखा. दवाचा ओला कापूस मी तसाच दाबून भरला होता. तीन सकाळचं वेचलेलं पिवळं पडलं. आता ते गादीतसुद्धा घालवत नाही.

त्यातून आणखी भीती अशी, की असला ओलसर कापूस अमरावतीच्या बाजारात नेला असता तर वजन वाढवायला पाणी मारलं असं म्हणाले असते. हल्ली असं करणारे निघाले आहेत. यांच्या नावाला बट्टा लागला असता.

शकुन रडली. मी रडले नाही, पण जेवलेही नाही. मैनाबाई जाता जाता म्हणाली, "उन्हात वेचलेला कधी सडला नव्हता व माय."

संक्रांतीला पाच आठवडे आणि शेत अर्धंही झालं नाही. अकोल्याच्या खोल्या कशा असतील? तिथून पऱ्हाटी दिसत नसेल.

८ डिसेंबर

सकाळी जाग आली ती एका साध्या विचारानं. धुतलेलं लुगडं आपण ओलं पेटीत ठेवत नाही, वाळवतो. म्हणून लुगडी धुणं सोडत नाही.

खळं सारवलेलं आहेच. त्यावर जुनी धोतरं अंथरली, आज पहाटे वेचलेला कापूस पातळ पसरला, आणि शकुनला दोनदा हात फिरवायला सांगितलं. दुपार टळली तेव्हा कापूस हलका, कोरडा, हातात कुरकुर वाजणारा. या कामाला एकच बाई लागते. पाच जणी ओसरीवर बसून पाला काढायच्या, त्याच्या जागी एक शकुन.

म्हणजे दव वाईट नव्हतं, माझी घाई वाईट होती. 

१२ डिसेंबर, शनिवार

आता पाला नाही, पण कवडी आहे. चांगल्याबरोबर पिवळी बोंडं एकाच ओटीत येतात, मग खळ्यावर ती निवडत बसा. निम्मी दुपार त्यातच जाते.

आज मडमेची आठवण झाली. फाटके कपडे उसवायला बसवायची तेव्हा पुढ्यात दोन टोपल्या ठेवायची. एकीत शिवता येईल ते, दुसरीत फक्त चिंध्या. आम्ही सगळं एकाच ढिगात टाकलं तर बोटावर टिचकी. "वस्तू हातात आहे ना? मग तेव्हाच ठरव ती कुठली. खाली ठेवलीस की दोनदा उचलावी लागते."

बोंड हातात असतं तेव्हाच बाईला कळतं की ते चांगलं की कवडी. मग ते एकत्र का टाकायचं? कारण लुगड्याच्या ओच्याची ओटी एकच असते म्हणून!

दोन कप्प्यांची ओटी शिवायची. पेटीत वडिलांनी छावणीतून आणलेलं तंबूचं जाड कापड आहे, चाळीस वर्षं जपलेलं. वास घेतला की अजून तो ओसरीवरचा उजेड दिसतो. कापायला जीव होत नव्हता. मग म्हटलं, पेटीत राहून ते कोणाच्या कामाला येणार?

दाभण मात्र सापडत नाही. सगळं घर पालथं घातलं. कोणाला सांगून उपयोग नाही, उगाच हसतील.

१३ डिसेंबर

दाभण कोनाड्यात होतं, या वहीच्या शेजारीच! काल मी तिथे दोनदा हात फिरवला होता. आणि वहीत पऱ्हाटीचं एक वाळलं पान खुणेला ठेवलेलं. मी ठेवल्याचं आठवत नाही. वय झालं.

दोन ओट्या झाल्या. गळ्यात एक पट्टा, कमरेला एक नाडी. उजवा कप्पा मोठा, चांगल्या कापसाला. डावा लहान, कवडीला. दोन्हींची तोंडं रुंद ठेवली म्हणजे हाताकडे बघावं लागत नाही.

१६ डिसेंबर, बुधवार

सहा ओट्या घेऊन शेतात गेले. मैनाबाईनं एक उचलून धरली.

"हे काय होय? बैलाचं मुस्कं?"

"ओटी आहे. बांधून बघ."

बांधली. दोन्ही कप्पे फुगवून बांधावर मिरवली. "पाहा व बायायहो! या वयात जुळे राहिले मले!" बायका पोट धरून हसल्या. एकजण म्हणाली, "मडमीनबाईची करणी व!" मीही हसले.

पण ऊन डोक्यावर यायच्या आत सहा ओळी. पाला नाही, कवडी वेगळी. खळ्यावर फक्त पसरायचं. सहा ओळींसाठी आम्ही दिवस आणि संध्याकाळ घालवत होतो!

मग वाटा केला. इथली रीत अशी की प्रत्येकीनं वेचलेल्याचे दहा सारखे ढीग करायचे, त्यातला एक तिचा. आज म्हटलं, कवडी वेगळी निघालीच आहे, तर वाट्यात तीच द्यावी. घरी गोधड्या भरायला त्यांना कापूस लागतोच. चांगला बाजाराला, कवडी गोधडीला. मडमेच्या दोन टोपल्यांसारखं सगळं नीट जागच्या जागी.

बायकांनी ओट्या काढून बांधावर ठेवल्या. मैनाबाईनं मुकाट्यानं गाठोडं बांधलं. थकल्या असतील.

१७ डिसेंबर

एकही आली नाही. मी आणि शकुन दोघी दवात उभ्या. ओट्या बांधावर तशाच पडून.

काय बिनसलं कोण जाणे. काम तर कमी झालं त्यांचं! शकुनला विचारलं, तर ती पायानं माती उकरत राहिली. म्हणाली, "तुमी मैनाबाईलेच इचारा, आत्याबाई."

मी कशाला जाऊ? मी त्यांचं वाईट केलं नाही.

१८ डिसेंबर

रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी गेलेच. मैनाबाई अंगणात सरकी कुटत होती. उठली नाही.

"काहून आली?"

"तू काहून नाही आलीस?"

"मडमीनबाई, शाळेत शिकली तू, मी नाई. मले सांग. दवात बोटं कोणाची गारठतात?"

"तुमची."

"साफ कोण वेचते?"

"तुम्हीच."

"मंग साफ वेचायचं आमी, अन् कवडी न्यायची आमी? उद्या डाव्या कप्प्यातच जास्त टाकीन मी. माह्या वाट्याचं तेच असंन तर!"

बोलली आणि पुन्हा कुटायला लागली. मी तिथे उभी. मला खरंच दिसलं नव्हतं. मी कामाची गाठ सोडवत होते आणि माणसांना गाठ मारत होते. घरी जाऊन गूळ आणला, तिच्यासमोर ठेवला.

"यापुढे वाटा उजव्या कप्प्यातला. ढीग मी करीन, कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा."

तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला. "असं व्हय. मंग तू ढीग लय सारखे करशीन." 

"करावेच लागतील."

"उद्या येतो आमी."

येताना वाटेत शकुन भेटली, डोक्यावर रिकामी घागर, विहिरीकडे पाठ. मैनाबाईच्या घराकडेच पाहत होती. मला बघून घाईनं वळली. विहीर दुसरीकडे आहे हे या पोरीला एवढ्या वर्षांत कळू नये?

२५ डिसेंबर, शुक्रवार

नाताळ. छावणीत आज मडम प्रत्येकीला गोड पाव आणि एक सुई द्यायची. सुई कापडात टोचून, वर लाल धागा. माझ्याकडची शेवटची सुई यांच्या सदऱ्याला बटण लावताना मोडली होती. तेव्हा हे म्हणाले होते, बाजारातून शंभर आणून देतो. मी म्हटलं, शंभर नकोत.

आज सकाळी नऊ ओळी.

२९ डिसेंबर

आता अकरा जणी येतात! मी कोणाला बोलावलं नाही. पाटलाच्या शेतावर ऊन चढल्यावर वेचणी सुरू होते. मैनाबाईनंच सांगितलं असणार की आमच्याकडे दवात या, साफ कापसाचा वाटा घ्या, आणि मग हवं तर तिकडे जा. काही जणी जातात. बऱ्याच जणी घरी जाऊन लेकरांना वेळेवर भाकर घालतात. एक म्हणाली, कित्येक वर्षांत वेचणीच्या दिवसांत मी दुपारची भाकर गरम खाल्ली नव्हती.

एकीला एक ओळ, ही रीतसुद्धा मी सोडून दिली. दोघी दोन बाजूंनी एकाच ओळीत चालतात, बोलत बोलत. कोणाची बोटं मंद झाली की दुसरी पुढे जाते. मैनाबाईनं सुचवलं. मी नुसतं हो म्हटलं.

एकच वाटतं. संध्याकाळी ओसरी मोकळी. पाला काढताना गाणी व्हायची, उखाणे व्हायचे, कोणाच्या सासूची नक्कल व्हायची. काम गेलं आणि तेही गेलं की काय, म्हणून आज जरा उदास बसले होते. तेवढ्यात मैनाबाई आली, मागे आणखी तिघी. हात रिकामे.

"काहून आलात?"

"आता बसायले काम लागते काय?" म्हणाली आणि बसली. 

७ जानेवारी १८६४, गुरुवार

सकाळपासून आभाळ दाटलं. हे आभाळ बरसलं तर उरलेली बोंडं काळी पडतील. वीस ओळी उरल्या आहेत, संक्रांत आठवड्यावर.

शकुन माझ्या आधी शेतात उभी. आज कोणी बसून पाणीसुद्धा प्यायलं नाही. सूर्य दिसला नाही, त्यामुळे पानं दुपारीही मऊच होती. मी त्या आभाळाला मनातून भ्यायले आणि त्यानंच आम्हाला पूर्ण दिवस दवासारखा दिला! संध्याकाळी शेवटच्या बोंडाला शकुननं हात घातला आणि मला हाक मारली. "तुमी तोडा, आत्याबाई." मी म्हटलं, तूच तोड. आमचं दोघींचं "तूच-तुम्हीच" इतका वेळ चाललं की मैनाबाईनं मधे हात घालून तोडलं. 

पाऊस आला नाही. दोन दिवसांत सगळं वाळून कोठीत जाईल.

संक्रांत

भाऊजी सकाळी आले. नत्थुजीच्या गाडीतून उतरले ते सरळ शेताकडेच. बांधावर उभे राहिले. पऱ्हाटी उभी, पांढरा ठिपका कुठे नाही. मग घरी येऊन कोठीचं दार उघडलं, कोपरापर्यंत हात घातला, मूठ बाहेर काढली, फुंकर मारली. पाला उडेल म्हणून वाट पाहिली असावी. उडाला नाही. पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यातून मूठ काढली. 

"हे कोणी साफ केलं, वहिनी?"

"कोणी नाही. साफच वेचलं."

त्यांना ओटी दाखवली. बराच वेळ कप्प्यांत हात घालून पाहत होते. तंबूचं कापड ओळखलं. आमच्या लग्नात ते दहा वर्षांचे होते, छावणीतून आलेल्या पेटीवर बसून त्यांनी लाडू खाल्ले होते. 

मी म्हटलं, "भाऊजी, बाळापूरच्या माणसाला काय सांगायचं ते तुम्ही सांगा. मी शेत सोडून जायची नाही."

"कोण सोडा म्हणते आता?" त्यांनी ओटी मांडीवर नीट घडी करून ठेवली. "शेत तुमच्याच हातात राहू द्या. मी त्याले काही शब्द दिला नव्हता."

एवढंच. पन्नास दिवस मी ज्याला भीत होते ते एका वाक्यात सरलं. मी तीळगूळ द्यायलासुद्धा विसरले, शकुननं दिला.

जेवताना चार भाकरी खाल्ल्या. "पातळ आहे भाकर," म्हणाले, आणि मग, "तिकडे कोणी वाढून देत नाही हो वहिनी, स्वयंपाक्या ठेवून जाते." म्हटलं, चांगला स्वयंपाकी ठेवा, तुम्हाला काय कमी आहे? हसले. जेवून ओसरीवर उगाच बसून राहिले. संध्याकाळी मैनाबाई आणि बायका आल्या, त्यांच्या गप्पा खांबाला टेकून ऐकत होते. बाळापूरला त्यांचं स्वतःचं वेगळं शेत आहे, त्यासाठी वीस ओट्या मागितल्या आहेत. उद्या सकाळी परत जाणार.

आजचा दिवस किती छान गेला. शकुनबद्दल मात्र लिहायचं राहिलं होतं ते लिहिते. ही पोर नसती तर मी उन्हातच वेचत बसले असते, आणि आज पेटी बांधत असते. घुमी म्हटलं होतं तिला. तिला हे कधी सांगेन? जमलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी, सकाळ

वही उघडली. कालच्या ओळींखाली एक ओळ आहे. अक्षर वाकडं, शाई दोन ठिकाणी फुटलेली, कडेला पिठाचं बोट.

"आत्याबाई काकाजी शेतासाठी नाई आले. तेईले अकोल्याचं घर खाले उठते. चुना तुमच्यासाठी मारला. होळीलोक ठेवून घ्या. अन् भाकर मी पातळच करतो."

किती वेळ पाहत बसले मी! चार वर्षांपूर्वी तिला अक्षरं शिकवायला घेतली होती, चार अक्षरांवर सोडून दिली असं समजले होते. आता मागची पानं उलटली. अकोल्याचा निरोप, आणि दुसऱ्या दिवशी "मी येत नाई". जाड भाकर. घुमी. विहिरीतली शेळी. दाभण. पऱ्हाटीचं पान. विहिरीकडे पाठ करून उभी राहिलेली घागर. सगळं माझ्याच हातानं लिहिलेलं आणि मलाच वाचता आलं नाही. आधी लाज वाटली, मग हसू आलं, मग दोन्ही.

आणि भाऊजी. पन्नाशीतला माणूस एकटा भिंतीला चुना मारतो, आणि मी त्याला हाव म्हणते. "स्वयंपाकी ठेवा" म्हणते.

मडम टिचकी मारेल. वस्तू हातात होती आणि मी खाली ठेवत होते. जे शकुनला सांगायचं ते वहीला सांगत होते, मग त्या बिचारीनं ते वहीतून उचलायचं. प्रत्येक गोष्ट दोनदा उचलली आम्ही दोघींनी.

बाहेर नत्थुजी बैलांना हाका मारतो आहे. भाऊजी जोडे शोधताहेत, शकुननं ते लपवले असणार. चुलीपाशी तिची बांगडी वाजते आहे, थापायची थांबली आहे, ऐकते आहे.

वही मिटते. आधी तिच्याकडे जाते, मग नत्थुजीला गाडीचे बैल सोडायला सांगते; भाऊजी आज जात नाहीत.